अण्णाची पाणबुडी

आमच्या घराला सात खिडक्या होत्या आणि लहानपणी त्यांतली एकही मी उघडी पाहिली नाही. सोलापूरची हवा कोरडी. उन्हाळ्यात ताण्याचे, म्हणजे उभे, सुती धागे वाळून ताठ होतात आणि जरा धक्का बसला की तुटतात. म्हणून लूम, म्हणजे यंत्रमाग, असलेल्या घरात खिडक्या लावून घ्यायच्या, त्यांवर ओली पोती टांगायची, फरशीवर दिवसातून चार वेळा पाणी शिंपडायचं आणि आतली हवा दमट ठेवायची, ही भवानी पेठेतल्या विणकरांची रीत. वैशाखात संध्याकाळी वारा सुटला की शेजारपाजारची माणसं झोपायच्या बाजा घेऊन बाहेर येत, आणि आमच्या घरात बापूंची हाक ऐकू येई, "दार ओढा, वारा शिरतोय." वारा ही आत येऊ द्यायची गोष्ट नाही, असंच मी बरीच वर्षं समजत होते.

पुढच्या मोठ्या खोलीत चार लूम होते. त्यांवर चादरी आणि टॉवेल निघत. मागे एक खोली, तिथं आम्ही राहायचो, आणि तिच्यामागे फरशी घातलेलं छोटं अंगण, त्यात चूल आणि एक शेवग्याचं झाड. गिरणीचा पहाटेचा भोंगा झाला की बापू मोटर सुरू करत आणि मग दिवसभर त्या आवाजाखाली आम्ही जगायचो. भांडी फडताळात थरथरत. पाण्याच्या हंड्यावर सारखी बारीक वर्तुळं उठत. दुपारी जेवणासाठी मोटर बंद केली की कानांत एकदम इतकी पोकळी व्हायची की अम्माच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. त्या तासाभरात आम्ही कडक भाकरी चिंचेच्या आंबट सारात कुस्करून, शेंगाचटणी लावून खायचो आणि दिवसभराचं बोलून घ्यायचो. अम्मा-बापूंशी घरची तेलुगू, आम्हा भावंडांचं आपसात मराठी, कारण शाळा मराठी. सगळ्या अन्नाला सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास असायचा. मला तो आवडायचा हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

बाकी वेळ आम्ही ओठांनी बोलायचो. लूमच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो. आवाज न काढता ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे, अशी लूमवाल्या घरांची बोलण्याची पद्धत. जोडीला हात. दोन बोटं वर म्हणजे चहा, अंगठा मनगटावर घासला म्हणजे धागा तुटला, मूठ पोटाशी म्हणजे जेवायला चला. आणि बोलणाऱ्याचं बोलून झाल्यावर मान वळवली की ते नाही. कारण सांगायचं नाही, वाद नाही, नुसती मान वळवायची, की विषय संपला. बापूंनी जन्मात कुणाला तोंडानं नाही म्हटलेलं मला आठवत नाही. लूम दुरुस्त करायला येणारे दस्तगीरभाई म्हणायचे, "तुमच्या घरात भांडण कसं होत असंल ओ? एकानं मान फिरवली की दुसऱ्यानं काय भिंतीशी भांडायचं?" ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो. या रीतीबद्दल मी एवढं लिहिते आहे, कारण अण्णा एकदा त्या आवाजात माझ्यासमोर उभं राहून काहीतरी बोलला होता. काय बोलला, ते मला पन्नास वर्षं माहीत नव्हतं. ते या पावसाळ्यात कळलं, तो गेल्यानंतर.

अण्णा, म्हणजे माझा भाऊ व्यंकटेश, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. उंच, हाडकुळा. लूमवर उभा असताना त्याचं डोकं वरच्या पट्ट्याजवळ जायचं म्हणून तो कायम थोडा वाकलेला असायचा, आणि बाहेर रस्त्यावरही तसाच चालायचा. धागा सांधण्यात त्याच्यासारखा हात नव्हता. पण कामात त्याचं मन नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तो सायकल घेऊन होटगीच्या तळ्याकडे जायचा आणि काही न करता परत यायचा. "काय केलंस तिथं?" असं मी विचारलं तर म्हणायचा, "बसलो. वारा होता." नौदलाच्या भरतीची जाहिरात त्यानं वाचनालयातल्या वर्तमानपत्रात पाहिली. ते वाचनालय त्याला दाखवलं होतं मी. मी तिथून पुस्तकं आणायची आणि लूमच्या चौकटीला टेकवून सुताच्या कांड्या भरता भरता वाचायची. तो माझ्याबरोबर आला तो फक्त पंख्याखाली बसायला, आणि ती जाहिरात वाचून घरी आला.

बापूंना त्यानं सांगितलं तेव्हा मोटर बंद होती, त्यामुळे बापूंना मान वळवून भागेना. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि विचारलं, "लूम कोण बघणार?" त्यांची नजर तेव्हाच अधू झाली होती. कापड दिसायचं, धागा दिसायचा नाही. अण्णानं माझ्याकडे पाहिलं. मी मॅट्रिकला होते. तो म्हणाला, "सरू दोन वर्षं बघेल. तोवर मी सुट्टीवर येऊन काहीतरी करतो. मग ती कॉलेजला जाईल." मला कुणी विचारलं नाही, आणि मीही काही म्हटलं नाही. दोन वर्षं म्हणजे फार नाहीत, असं मला खरंच वाटलं.

अम्माचा प्रश्न वेगळाच होता. कापसाच्या भुग्यानं तिची छाती भरली होती. ती बोलताना मध्ये मध्ये थांबून खोकायची, आणि लोक वाट बघायचे तशी स्वतःही खोकला संपायची वाट बघायची. निघायच्या दिवशी तिनं त्याच्या पिशवीत शेंगाचटणीचा डबा ठेवला आणि विचारलं, "तिथं खिडकी असंल का रे?"

अण्णा हसला. "अम्मा, जहाज असतंय. सगळं उघडंच."

"खिडकी असंल तर उघडून झोप."

"हो."

"शब्द दे."

त्यानं दिला.

पहिली पत्रं यायला लागली ती मी दुपारच्या त्या तासात अंगणात वाचून दाखवायची. अम्माला मराठी अक्षर येत नव्हतं. मी वाचत तेलुगू करून सांगायची. "अम्मा, इथं वारा इतका असतो की टोपी धरून चालावं लागतं. सकाळी पाणी निळं नसतं, राखाडी असतं. माझ्या खोलीला गोल खिडकी आहे, झोपल्या झोपल्या समुद्र दिसतो." अम्मा गोल खिडकीवर फार खूश होती. शेजारणींना सांगायची, "गोल हाय म्हणे. परातीएवढी." मी घडी घालून पत्र डब्यात ठेवायची आणि उठून मोटर सुरू करायची. कारण आता मोटर मीच सुरू करत होते. मॅट्रिक पास झाले होते, निकालाच्या दिवशी बाईंनी घरी येऊन बापूंना सांगितलं होतं की या मुलीला पुढं शिकवा, आणि बापूंनी हात जोडून हो म्हटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा झाल्यावर मी पहिल्या लूमपासून चौथ्या लूमपर्यंत चालायला सुरुवात केली होती. नऊ पावलं तिकडे, नऊ पावलं इकडे. हे अंतर मला अजून पायांत आठवतं. घरात चालतानासुद्धा मी नऊ पावलांवर वळते.

दोन वर्षं झाली आणि तिसरं लागलं. मी अण्णाचा राग करायला लागले होते. हे लिहायला मला वेळ लागतो आहे, पण ते तसं होतं. ती पत्रं मी भराभर वाचून टाकायची. त्याची गोल खिडकी, त्याची टोपी, त्याचा वारा. माझ्या अंगाला ओल्या पोत्यांचा वास यायचा. केसांत पांढरा भुगा असायचा, तो निघायचा नाही म्हणून मी कायम डोक्याला फडकं बांधायची. एका मैत्रिणीनं रस्त्यात ओळखलं नाही. दस्तगीरभाई माझ्या लूमच्या चौकटीला टेकवलेलं पुस्तक बघून म्हणायचे, "सरूबाय, लूमलाच वाचून दाखवा की. चार बुकं झाली की तो पण पास व्हईल." मी हसायची नाही तेव्हा ते जास्त लक्ष देऊन पट्टा बसवायचे.

मग एकाहत्तर सालची लढाई लागली. शहरात दिवे झाकायचा हुकूम निघाला, लोक काचांना काळे कागद चिकटवत होते. आमच्या घराला वेगळं काही करावं लागलं नाही. पत्रं थांबली. अम्मा शेजारच्या घरी रेडिओपुढं जाऊन बसायची. आपलं एक जहाज बुडाल्याची बातमी आली त्या दिवशी ती घरी आली, हातपाय धुतले, तांदूळ निवडायला बसली आणि मला म्हणाली, "त्याच्या जहाजाला खिडकी हाय. तो निघंल बाहेर." मी हो म्हटलं. त्या दिवसांत मला त्याचा राग येत नव्हता. मी पहिल्या लूमपासून चौथ्यापर्यंत चालत होते आणि प्रत्येक फेरीला मनातल्या मनात म्हणत होते, येऊ दे, फक्त येऊ दे.

तो आला. लढाई संपून काही आठवडे झाले होते. पत्र न घालता आला, आणि रिक्षातून उतरला तेव्हा मला आधी ओळखू येईना. अम्मानं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "समुद्रावर राहून गोरा झालास की रे." खरंच तो गोरा झाला होता, भिंतीसारखा पांढरा. अंगाला तेलाचा वास होता, साबणानं जात नव्हता. तो जेवायला बसला आणि भाकरी बाजूला ठेवून कच्चा कांदा, हिरवी मिरची, लिंबू, असलं काहीतरी ताजं नुसतं खात राहिला. शेवग्याची पानं तोडून चावताना मी त्याला पाहिलं. झोपायला तो घरात आला नाही. माघाची थंडी असून बाज अंगणात टाकली, तीही भिंतीपासून दूर ओढून. अम्मा म्हणाली, जहाजावरच्या वाऱ्याची सवय झाली पोराला.

आल्याच्या चौथ्या दिवशी दुपारनंतर मी दळण आणायला गेले होते. बापू झोपले होते, लूम अण्णाच्या भरवशावर चालू होते. अण्णा लूमच्या खोलीत गेला आणि त्यानं रस्त्याकडच्या खिडकीवरचं ओलं पोतं काढलं, खिळा उपटला आणि खिडकी उघडली. एक नाही, दोन. मी परत आले तेव्हा तो खिडकीत चेहरा घालून उभा होता, डोळे मिटून. आत कोरडा वारा भरला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या लूमचा ताणा ठिकठिकाणी तुटून धागे लोंबत होते, आणि लूम तसेच चालत होते. मी धावत जाऊन मोटर बंद केली. बापू उठून आले. त्यांना धागे दिसले नाहीत, पण अंगावर वारा लागला. ते फक्त एवढंच म्हणाले, "कुणी उघडली?" मी खिडक्या लावल्या, पोती भिजवून टांगली, आणि दिवे लागेपर्यंत एकेक धागा सांधत बसले. अण्णाही मदतीला बसला. त्याला गाठ मारता येईना. मी त्याच्या हातून धागा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या लूमवर होते. बापू पलीकडच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून. अण्णा आला आणि लूमच्या पलीकडे, माझ्या बरोबर समोर उभा राहिला. आमच्यामध्ये चादरीचा पन्हा होता. तो ओठांनी बोलायला लागला. "सरू, माझं ऐक," एवढं मी वाचलं. पुढे तो बराच वेळ बोलत होता. माझे डोळे त्याच्या तोंडाकडे होते. पण पुस्तक उघडं असतं, नजर ओळींवरून जात असते आणि माणूस वाचत नसतो, तसं माझं झालं होतं. मी मनात तुटलेले धागे मोजत होते. मला वाटलं हा माफी मागतो आहे, किंवा पुन्हा दोन वर्षं मागतो आहे. आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. त्याचे ओठ थांबले. तो वाट बघत उभा राहिला.

मी मान वळवली.

तो आणखी थोडा वेळ उभा होता. फणीवर त्याची सावली पडली होती, ती मला दिसत होती. मग सावली गेली. दुपारी जेवताना त्यानं सांगितलं की त्याला लवकर परत बोलावलंय, उद्याच निघायला हवं. अम्मानं चटणी कुटायला घेतली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मी लिहिते आहे त्या आठवणी तरुणपणाच्या आहेत. माझं लग्न झालं नाही. कॉलेजला मी गेले नाही, बाहेरून परीक्षा देत देत पदवी घेतली तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. बापू गेले, लूम भंगारात गेले, आणि पेठेतल्या त्याच वाचनालयात मी नोकरी केली. अण्णानं विशाखापट्टणमला तिकडचीच मुलगी केली. त्याच्या लग्नात त्याचा एक सोबती बोलता बोलता म्हणाला, "व्यंकटेश आणि मी पाणबुडीवर एकत्र होतो." मी अण्णाला बाजूला घेऊन विचारलं. "हो. काही वर्षं," तो म्हणाला, "अम्माला सांगू नको." मी सांगितलं नाही. अम्मा गोल खिडकीवर विश्वास ठेवून गेली. पण ती पत्रं खोटी होती हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता, तो वाढला. ज्या वाऱ्याचा मी इतकी वर्षं हेवा केला तो वारासुद्धा खरा नव्हता, म्हणून. पाणबुडी म्हणजे काय हे मला शब्दापुरतं माहीत होतं. मी त्याला काही विचारलं नाही आणि तो काही बोलला नाही. आम्ही लग्नकार्यांत भेटायचो, एकमेकांची तब्येत विचारायचो. चांगली वागलेली भावंडं होतो आम्ही.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी विशाखापट्टणमला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. दिवसकार्य झाल्यावर त्याचा मुलगा श्रीनू म्हणाला, "अत्ता, नान्ना ज्यावर होते ती पाणबुडी इथंच आहे. किनाऱ्यावर आणून ठेवलीय, लोक बघायला येतात. जायचं का?" श्रीनू पन्नाशीला आलेला, बापासारखाच वाकून चालणारा; मी त्याची अत्ता, म्हणजे आत्या, आणि अण्णा त्याचे नान्ना, वडील. माझ्या सोलापुरी तेलुगूला तो हसतो. म्हणतो, त्यातले निम्मे शब्द मराठी आणि उरलेले त्याच्या पणजीच्या काळातले. मी म्हटलं, जाऊ.

समुद्राच्या कडेला रस्ता, फुगेवाले, कणसं भाजणाऱ्या बाया, आणि वाळूवर ती काळी लांबलचक वस्तू. बाहेरून मला ती मोठी वाटली. बाजूला भोक पाडून जिना केलेला आहे, त्यावरून आत गेलो आणि मी थांबले. खोली अशी नव्हतीच. होती ती एक नळी. दोन्ही बाजूंनी पाइप, चाकं, परक्या लिपीतल्या पाट्या, आणि मधून एका माणसापुरती वाट. समोरून कुणी आलं तर एकानं पाइपांत अंग चोरायचं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक, त्यात आधी पाय घालायचा, मग डोकं. पहिल्याच भोकात मी अडकले. एक पाय पलीकडे, हात वरच्या कडीला, आणि पुढे एक कुटुंब फोटो काढायला थांबलेलं. मागून शाळेची पोरं रेटत होती. मला मागे जाता येईना, पुढे जाता येईना. छातीत हवा शिरेना. मला वाटलं, मी आता इथंच ओरडणार. श्रीनूनं पलीकडून माझा हात धरला. "अत्ता, सावकाश. वर बघू नका, माझ्याकडे बघा."

पुढच्या कप्प्यात माहिती सांगणारा माणूस उभा होता, निवृत्त खलाशी, पांढऱ्या मिशांचा. तो हिंदीत सांगत होता. जाड नळकांड्यांसारखे टॉर्पेडो रचलेले आणि त्यांच्याच बाजूला, वर, मधे, फळ्या. "ये पलंग. एक उठा तो दूसरा उसी पे लेटा, बिस्तर ठंडा नहीं होता था." पोरं हसली. खिडकी कुठंय, असं एका पोरीनं विचारलं. तो म्हणाला, "बेटा, खिड़की का यहाँ क्या काम?" मग त्यानं सांगितलं की शत्रूचं जहाज वर असलं की सगळं बंद करायचे, पंखेसुद्धा. पान्याला कापड गुंडाळायचे, चपला काढायचे, तासन्‌तास कुणी आवाज काढायचा नाही.

मी विचारलं, "मग बोलायचे कसे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज न काढता, फक्त ओठ हलवून म्हणाला, ऐसे.

मी ते वाचलं. मला किती वर्षांनी कुणाचे तरी ओठ वाचावे लागले होते.

घोळका पुढे गेला. आम्ही दोघंच त्या फळ्यांपाशी उभे होतो. श्रीनू म्हणाला, "नान्ना इथलं काही सांगायचे नाहीत. एकदाच, आजारी पडल्यावर बोलले. लढाईनंतर त्यांना परत जायचं नव्हतं म्हणे. दार लागलं की त्यांचा श्वास अडकायचा. पण नौदलातून असं निघून येता येत नाही. घरून अर्ज लागतो, की वडील अधू आहेत, घरी मुलाची गरज आहे. तुमच्या घरात अर्ज लिहायच्या तुम्ही."

"हो."

"म्हणून त्यांनी तुम्हांला विचारलं. की सरू, बापूंच्या सहीनं एक अर्ज लिही, मी येतो, लूम मी बघतो, तू कॉलेजला जा. आणि अम्माला यातलं काही कळू देऊ नको." तो थांबला. "तुम्ही मान वळवलीत."

मी फळीला हात टेकला. ती गार होती.

"ते रागावले नव्हते, अत्ता. म्हणाले, तिनं बरोबर केलं. मी तिची तीन वर्षं घेतली होती, ती कशाला माझं ऐकेल."

मी म्हटलं, "श्रीनू, मी वाचलं नव्हतं रे. मी बघत होते, पण वाचलं नव्हतं."

त्याला ते कळायला वेळ लागला. तो लूमच्या घरात वाढलेला नाही. कळल्यावर तो आपल्या बापासारखा वाकून उभा राहिला, कारण तिथं सरळ उभं राहायला जागा नव्हती, आणि मागून पुढचा घोळका त्या गोल भोकातून एकेक पाय आत टाकत होता, तेव्हा आम्हांला पुढे सरकावंच लागलं.

सोलापूरला परत येऊन आता दोन महिने होतील. आधी मी आठवणींच्या या प्रकरणात अण्णाची पत्रं द्यायची ठरवली होती. डब्यातून काढून पुन्हा वाचली. वारा, टोपी, राखाडी पाणी. त्या फळीवर पडून, नाकाच्या वर वीतभर अंतरावर पाइप असताना त्यानं ती लिहिली. आता मला त्यांचा राग येत नाही, पण ती इथं देणार नाही. ती अम्माची होती. त्याऐवजी काल दुपारी एक वेगळा कागद लिहायला घेतला. मला असले कागद लिहायची सवय आहे. वीज कंपनीला, महापालिकेला, शाळेला, आमच्या घरातले सगळे मीच लिहिले. जास्त वेळ लागला नाही.

*मा. कमांडिंग ऑफिसर साहेब यांच्या सेवेशी. विषय : मुलास मोकळे करण्याबाबत. विनंती अर्ज करतो की, अर्जदाराचा मुलगा व्यंकटेश हा आपल्या पाणबुडीवर नोकरीस आहे. अर्जदाराची नजर अधू झाली असून धागा दिसत नाही. पत्नी छातीच्या विकाराने आजारी असते. घरी चार लूम आहेत. मुलगी सरोजा हिला पुढे शिकावयाचे आहे. मुलाची घरी गरज आहे. तरी कृपा करून त्याला घरी पाठवावे.*

खाली सहीसाठी जागा सोडली. बापू तेलुगूत सही करायचे, हात लांब फिरवून, म्हणून मी नेहमी त्यांच्यासाठी जरा रुंद जागा सोडायची.